वस्तऱ्याला हाडाची मूठ : पहिल्यांदा हात घालणाऱ्यांसाठी

घडीच्या वस्तऱ्याच्या मुठीचे भाग मोजके असतात. दोन पातळ पट्ट्या, पाते जिच्याभोवती फिरते ती एका टोकाची खीळ, दुसऱ्या टोकाला पट्ट्यांच्या मध्ये बसवलेली लहानशी पाचर आणि त्या पाचरीतून आरपार गेलेली दुसरी खीळ, एवढ्यावर सगळी रचना उभी असते. पट्ट्या लाकडाच्या, शिंगाच्या, प्लास्टिकच्या किंवा हाडाच्या करता येतात. शिंग वाकते आणि पुन्हा सरळ होते, प्लास्टिक बराच अन्याय सोसते. हाड मात्र ताठ असते आणि त्याच्यावर वाकण्याची सक्ती केली तर ते खिळीच्या भोकापासून उभे चिरते. या लेखात पुढे जी मापे आणि जो क्रम दिला आहे, त्यामागचे कारण बहुतेक ठिकाणी हेच आहे.

इंग्लंडमधील शेफील्ड आणि जर्मनीतील झोलिंगेन ही वस्तऱ्यांची दोन मोठी गावे. शेफील्डमध्ये तर कातर-सुऱ्या करणाऱ्या कारागिरांची अधिकृत संस्था १६२४ पासून आहे. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत तेथील वस्तऱ्यांना हस्तिदंत, शिंग आणि हाड या तिन्हींच्या मुठी बसत, आणि हस्तिदंत ज्यांना परवडत नसे त्यांच्यासाठी हाड हा सोयीचा पर्याय होता. १८७० नंतर सेल्युलॉइड आले आणि हाताने घडवलेल्या पट्ट्या मागे पडत गेल्या. गंमत अशी की आज नव्या मुठीची गरज सर्वांत जास्त त्या सेल्युलॉइडच्या वस्तऱ्यांनाच पडते, कारण हा पदार्थ म्हातारा झाला की कुजू लागतो, त्यातून आम्लधर्मी वाफ सुटते आणि मुठीत मिटून ठेवलेले पाते नेमके तिथेच गंजते. आपल्याकडे सलूनमध्ये बदलत्या ब्लेडचा वस्तरा रूढ झाल्यापासून जुने पोलादी वस्तरे पुण्याच्या जुन्या बाजारात आणि मुंबईच्या चोर बाजारात जाऊन पडले. पाते शाबूत आणि मूठ तडकलेली, असा एखादा वस्तरा शिकण्यासाठी उत्तम.

पाते निवडताना फार चोखंदळ होण्याची गरज नाही, परंतु धारेला खोल खड्डे पडलेले, शेपटाजवळ, म्हणजे पात्याच्या खिळीकडच्या टोकाजवळ, तडा गेलेले किंवा दगडावर वर्षानुवर्षे घासून पाठीची कड सपाट झालेले पाते घेऊ नये. वस्तऱ्याची रुंदी इंचाच्या आठव्या भागात मोजतात, म्हणजे आपल्या सुतारांच्या सुतातच. पाच सूत किंवा सहा सूत रुंदीचे पाते पहिल्या मुठीसाठी सोयीचे, कारण त्यासाठी फार रुंद पट्टी लागत नाही.

हाड कोठले आणि कसे

लांब हाड लागते, आणि नवशिक्याची पहिली अडचण हीच असते. वस्तऱ्याची पट्टी साधारण १५ सें.मी. लांब होते, शिवाय घडवताना दोन्ही टोकांना थोडे जास्तीचे हवे, म्हणजे १६ सें.मी. सरळ आणि सलग हाड मिळाले पाहिजे. सुऱ्यांच्या मुठींसाठी तयार विकल्या जाणाऱ्या हाडाच्या चकत्या बहुधा ५ इंचांच्या, म्हणजे १२.७ सें.मी. असतात. त्या दिसायला सुरेख असतात, परंतु वस्तऱ्याला पुरत नाहीत. मागवण्याआधी लांबी विचारून घ्यावी. उंटाच्या पायाचे हाड लांब आणि जाड असल्याने सर्वांत सोयीचे. म्हशीच्या पायाच्या नळीतूनही पट्टी निघते, परंतु नळी मोठ्या जनावराची हवी आणि दोन्ही टोकांचे सांधे कापल्यावर मधला भाग पुरेसा उरला पाहिजे. बोकडाची नळी यासाठी निरुपयोगी. उत्तर प्रदेशातील संभलजवळच्या सरायतरीन येथे शिंग आणि हाडांच्या वस्तूंचा मोठा धंदा आहे आणि कापून, साफ करून ठेवलेल्या पट्ट्या अशा ठिकाणांहून मिळू शकतात. पहिल्या वेळी तयार पट्टी विकत घेणे यात कमीपणा काहीच नाही. उलट हाड साफ करण्याचे काही आठवडे वाचतात.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीवर आधीपासूनच बंदी होती, २०१५ पासून ती बैल आणि वळू यांनाही लागू आहे, त्यामुळे म्हशीचे किंवा उंटाचे हाड बिल घेऊन विकत घ्यावे. हस्तिदंत, तसेच सांबर आणि चितळ यांची शिंगे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कक्षेत येतात. जंगलात गळून पडलेले शिंग दिसले तरी ते उचलून आणू नये. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, रानात किंवा उकिरड्यावर पडलेले अनोळखी जनावराचे हाड घरात आणणे धोक्याचे आहे. जनावरांना होणाऱ्या फाशी रोगाचे, म्हणजे माणसातल्या काळपुळीचे, जंतू बीजाणूंच्या रूपात वर्षानुवर्षे जिवंत राहतात आणि हाडाच्या धुळीतून शरीरात शिरू शकतात.

हाड साफ करणे

ज्यांना कच्च्या नळीपासून सुरुवात करायची आहे, त्यांनी हा भाग घाई न करता वाचावा, कारण पुढे दिसणारे बरेचसे तडे इथेच जन्माला येतात. हाडाच्या वजनात सुमारे दोन तृतीयांश भाग खनिजाचा असतो आणि उरलेला मुख्यतः कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचा व पाण्याचा. खनिजामुळे हाडाला ताठपणा येतो, तर प्रथिनामुळे चिवटपणा. हाड खळाखळा उकळत ठेवले की कोलॅजेन विरघळून त्याचे जिलेटिन होते. पायांचे सूप दाट होते ते याच कारणाने, आणि सुपासाठी जे हवे तेच मुठीसाठी घातक आहे. असे हाड पांढरे शुभ्र दिसते खरे, परंतु खडूसारखे ठिसूळ होते.

म्हणून आधी दोन्ही सांधे करवतीने कापून टाकावेत, आतील मगज लांब तारेने किंवा सळईने काढून टाकावा आणि बाहेरचे मांस व पातळ आवरण सुरीने खरवडावे. नंतर भांड्यात पाणी आणि थोडा धुण्याचा सोडा घालून, उकळी न येऊ देता, वाफा येतील एवढ्याच आचेवर हाड तास-दोन तास ठेवावे. पाणी बदलून उरलेले चिकट भाग पुन्हा खरवडावेत. यानंतर खरे काम उरते ते चरबी काढण्याचे. भांडी धुण्याच्या द्रव साबणाच्या कोमट पाण्यात हाड बुडवून ठेवावे आणि पाणी गढूळ झाले की बदलत राहावे. या कामाला दोन-तीन आठवडे सहज जातात. चरबी राहिली तर काही महिन्यांनी मुठीवर पिवळे, अर्धपारदर्शक डाग उमटतात आणि वासही येतो. तेव्हा मात्र काही करता येत नाही. रंग एकसारखा पांढरा हवा असल्यास औषधांच्या दुकानात मिळणारे ६ टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड वापरावे आणि एक-दोन दिवसांत हाड बाहेर काढावे. कपड्यांसाठीचे क्लोरीनचे ब्लीच कधीही वापरू नये, कारण ते प्रथिनच खाऊन टाकते.

वाळवण सावलीत आणि सावकाश व्हावी. उन्हात ठेवलेल्या नळीची बाहेरची बाजू आधी आकसते आणि उभ्या भेगा पडतात. वर्तमानपत्रात सैल गुंडाळून तीन-चार आठवडे कपाटावर ठेवलेले बरे. पावसाळ्यात हा काळ आणखी वाढतो. घरात कुत्रा असेल तर ती जागाही त्याला पोहोचता येणार नाही अशी शोधावी, हे वेगळे सांगायला नको.

हत्यारे आणि धूळ

महागड्या यंत्रांवाचून हे काम होते. बारीक दातांचा हॅकसॉ (इंचाला २४ किंवा ३२ दात), सोनारी करवत, एक मध्यम आणि काही बारीक कानशी, लहान व्हाइस, हँड ड्रिल किंवा स्टँडवरचे ड्रिल, व्हर्निअर कॅलिपर, जाड काचेचा सपाट तुकडा, ८० पासून २००० नंबरपर्यंतचे पॉलिश पेपर, गोल डोक्याची अगदी हलकी हातोडी आणि ऐरण म्हणून चालेल असा गुळगुळीत पोलादी ठोकळा एवढे जमवावे. खिळीसाठी १.६ मि.मी., म्हणजे अर्ध्या सुताची पितळी सळई, पितळेचे छोटे बाहेरचे वायसर आणि आत घालायचे अतिशय पातळ वायसर लागतात. त्याच जाडीचे दोन-तीन लहान स्क्रू आणि नटही घेऊन ठेवावेत. चष्मा किंवा घड्याळ दुरुस्त करणाऱ्यांकडे ते मिळतात आणि तात्पुरत्या जोडणीला त्यांच्यासारखे साधन नाही.

हाडाची धूळ बारीक असते, घशाला झोंबते आणि तिला दातांच्या दवाखान्यात येतो तसला वास येतो. एन-९५ मुखपट्टी सुरुवातीपासूनच लावावी, काम गच्चीत किंवा अंगणात करावे आणि जेथे शक्य असेल तेथे पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासावे. साधा रुमाल बांधून भागत नाही.

जुनी मूठ उतरवणे

पात्याची धार बोथट असली तरी तिच्यावर आधी कागदी चिकटपट्टीचे चार-पाच थर गुंडाळावेत. काम संपेपर्यंत ती पट्टी काढू नये. मग एका बाजूच्या खिळीचे घुमटाकार डोके बारीक कानशीने वायसरच्या पातळीपर्यंत घासून काढावे आणि खिळीपेक्षा किंचित बारीक पंच ठेवून खीळ हळूच पलीकडे ढकलावी. खीळ हलत नसेल तर तिच्या मध्यावर बारीक ड्रिलने खड्डा घ्यावा. हातोडीचा जोर वाढवू नये, कारण पात्याचे पोलाद पाणी दिलेले असते आणि आडवा धक्का बसला तर तुटते. जुन्या पट्ट्या कितीही मोडक्या असल्या तरी टाकू नयेत. भोकांमधले अंतर आणि पाचरीची जाडी यांची मापे त्यांच्यावरूनच मिळतात. सेल्युलॉइडच्या असतील तर मापे घेऊन मात्र घराबाहेर काढाव्यात, कारण तो पदार्थ भराभर पेट घेतो.

नमुना

सनमायकाच्या कातरणीचा किंवा जाड पुठ्ठ्याचा नमुना करावा. त्याच्या एका टोकाला, कडेपासून ७ ते ८ मि.मी. आत, खिळीचे भोक पाडावे, त्यात पाते सळईने टांगावे आणि पाते उघड-मीट करून टोकाची फिरती रेषा पेन्सिलीने आखून घ्यावी. मिटलेल्या स्थितीत तीन गोष्टी पाहायच्या असतात. धार पट्टीच्या खालच्या कडेच्या किमान २ ते ३ मि.मी. आत राहिली पाहिजे, नाहीतर मिटलेला वस्तराही बोट कापतो. पात्याचे टोक पाचरीला न टेकता तिच्या अलीकडे ४ ते ५ मि.मी. थांबले पाहिजे. आणि पात्याची पाठ पट्टीच्या वरच्या कडेबाहेर थोडी डोकावली पाहिजे, म्हणजे उघडताना पकड मिळते.

पट्टीची बाह्यरेषा कशी असावी, हा आवडीचा प्रश्न आहे. जुन्या शेफील्ड वस्तऱ्यांच्या पट्ट्या बहुधा सौम्य बाक घेतलेल्या, पाचरीकडे किंचित रुंद होणाऱ्या दिसतात, आणि हाडाला तोच आकार शोभतो असे माझे मत आहे. नागमोडी वळणे आणि टोकाला आकडे काढण्याचा मोह पहिल्या वेळी टाळावा. हाडाचे तंतू आणि सूक्ष्म नळ्या लांबीच्या दिशेने धावतात, त्यामुळे जेथे वळण या दिशेला आडवे कापते तेथे पट्टी कमकुवत होते.

पट्ट्या काढणे

नळी व्हाइसमध्ये धरताना जबड्यांवर लाकडाच्या पट्ट्या ठेवाव्यात आणि ती फक्त हलणार नाही एवढीच आवळावी. पोकळ नळी आवळूनच फुटल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. नळीच्या जितक्या सपाट बाजू मिळतील तितक्या निवडून लांबीने चिरा घ्याव्यात. नळीचा पृष्ठभाग गोलाकार असल्याने ३.५ मि.मी.ची सपाट पट्टी मिळवण्यासाठी तिची भिंत ६ ते ८ मि.मी. जाड असावी लागते. आतल्या बाजूचा जाळीदार, सच्छिद्र भाग पूर्ण काढून टाकावा. त्यातला थोडाही भाग उरला तर खिळीच्या भोकाजवळ तो चुरतो. दोन्ही पट्ट्या एकाच नळीच्या शेजारच्या भागातून घेतल्या तर रंग आणि ठिपक्यांची नक्षी जुळते.

आता काचेवर ८० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून पट्टीची आतली बाजू आठच्या आकड्यात फिरवत घासावी. पट्टीवर पेन्सिलीच्या रेघा ओढून ठेवल्यास कोठे घासले जात आहे ते कळते. सर्व रेघा एकाच वेळी जाऊ लागल्या की बाजू सपाट झाली. मग दुसरी बाजू घासून जाडी ३ मि.मी.वर आणावी आणि कॅलिपरने निदान सहा ठिकाणी मोजावी. यानंतर पट्ट्या दोन दिवस तशाच ठेवाव्यात. आतला ताण मोकळा झाल्याने किंवा ओल कमी-जास्त झाल्याने पट्टी थोडी वाकते, आणि ही वाक आत्ता दिसलेली बरी. किंचित वाकलेली पट्टी पुन्हा घासून सरळ करता येते. जास्त वाकलेली पट्टी बाजूला टाकून दुसरी घ्यावी. तिला खिळी ठोकून सरळ करू असे मनात आणू नये, कारण तो ताण कायम भोकावरच राहतो.

भोके आणि बाह्यरेषा

दोन्ही पट्ट्यांच्या आतल्या बाजू एकमेकींना दुहेरी चिकटपट्टीने चिकटवाव्यात, वर नमुना ठेवून बाह्यरेषा आणि दोन भोकांच्या जागा आखाव्यात. आधी भोके, नंतर आकार, हा क्रम बदलू नये. चौकोनी पट्टी ड्रिलखाली घट्ट बसते, घडवलेली पट्टी सरकते. खाली लाकडाचा तुकडा ठेवून, नवीन धारदार ड्रिल वापरून, थोडे आत जाऊन बाहेर येत, भुसा झटकत भोक पाडावे. ड्रिल थांबून तापले की हाड करपते, केस जळाल्यासारखा वास येतो आणि भोकाची कड ठिसूळ होते. भोक काटकोनात असणे फार महत्त्वाचे आहे. फिरत्या खिळीचे भोक अर्धा अंशही तिरके गेले तर मिटताना पात्याचे टोक एका पट्टीला घासते, आणि नवशिक्याला दोष पात्यात आहे असे वाटत राहते. स्टँडवरचे ड्रिल जवळ नसल्यास शेजारच्या वर्कशॉपमध्ये जाऊन एवढी दोन भोके पाडून घ्यावीत.

भोकांत सळईचे तुकडे घातले की दोन्ही पट्ट्या एकमेकींवर पक्क्या बसतात. आता सोनारी करवतीने रेषेच्या एक मि.मी. बाहेरून कापावे आणि उरलेले कानशीने घासावे. कानस नेहमी पट्टीच्या मध्याकडून कडेकडे न नेता लांबीच्या दिशेने चालवावी, म्हणजे कडेचे टवके उडत नाहीत.

यानंतर पट्ट्या सुट्या करून बाहेरची बाजू गोलाईत आणावी. मधल्या भागात जाडी २.५ मि.मी.पर्यंत उतरवावी, कडा त्याहून पातळ चालतील, परंतु दोन्ही भोकांभोवती वायसर बसेल एवढी सपाट जागा आणि पूर्ण ३ मि.मी. जाडी राखावी. हाड शिंगापेक्षा आणि प्लास्टिकपेक्षा जड असते; मधून जाडी कमी केली नाही तर उघडलेला वस्तरा मुठीकडे झुकतो आणि हातात बोजड वाटतो.

पाचर

लहानशी असली तरी मुठीचा स्वभाव पाचर ठरवते. पूर्वी ती बऱ्याचदा शिशाची असे, कारण वजनाने पात्याचा तोल साधत असे. शिसे विषारी असल्याने घरी त्याच्या वाटेला जाऊ नये. पितळ, शिसवीचे लाकूड किंवा उरलेले हाडच वापरावे. पांढऱ्या पट्ट्यांमध्ये काळपट शिसवीची पाचर उठून दिसते.

पाचरीचे जाड टोक बाहेर आणि पातळ टोक पात्याकडे असते. त्यामुळे दोन्ही पट्ट्या आधी किंचित आत झुकतात आणि मग शेपटाच्या जाडीमुळे पुन्हा बाहेर ढकलल्या जातात. हा जो हलका ताण निर्माण होतो त्यानेच पाते कोठेही थांबते, लोंबकळत नाही. शिंगाच्या मुठीत हा उतार चांगला ठसठशीत ठेवता येतो. हाडात तो मवाळच हवा. जाड टोक २.५ ते ३ मि.मी. असेल तर पातळ टोक त्याहून अर्धा, फार तर पाऊण मि.मी. कमी ठेवावे. लांबी १५ मि.मी.च्या आसपास पुरते. उतार दोन्ही बाजूंनी सारखा नसेल तर पाते एका पट्टीकडे सरकते, म्हणून काचेवर घासताना दर थोड्या वेळाने पाचर उलटवून मोजावी. बाहेरच्या कडेला ती पट्ट्यांपेक्षा थोडी मोठीच ठेवून शेवटी बरोबरीने घासावी.

तात्पुरती जोडणी

स्क्रू आणि नट लावून सगळे एकदा जोडून पाहावे. क्रम असा : वायसर, पट्टी, पातळ वायसर, पात्याचे शेपूट, पातळ वायसर, दुसरी पट्टी, वायसर. वरून पाहिले असता मिटलेले पाते दोन पट्ट्यांच्या मधोमध दिसले पाहिजे. ते एका बाजूला जात असेल तर आधी त्या बाजूला आणखी एक पातळ वायसर घालून पाहावे, नंतर पाचर तपासावी आणि शेवटी भोकाचा संशय घ्यावा. बऱ्याच जुन्या वस्तऱ्यांचे शेपटाचे भोक खिळीपेक्षा मोठे असते आणि पाते त्यात डुगडुगते. अशा वेळी आत पितळी नळीचा तुकडा बसवावा किंवा त्या भोकाच्या मापाची जाड सळई घ्यावी. ही जोडणी दोन-तीनदा उघडून पुन्हा करावी लागते. त्याचा कंटाळा करू नये, कारण एकदा खीळ ठोकली की ती काढण्यासाठी डोके घासून टाकण्यावाचून दुसरा मार्ग नाही.

घासणे, रंग आणि चकाकी

हे काम खिळी ठोकण्यापूर्वी पूर्ण करायचे असते, कारण जोडल्यावर आतल्या बाजूंपर्यंत हात पोहोचत नाही. १२० पासून सुरू करून २२०, ४००, ६००, १००० आणि २००० अशा क्रमाने जावे. प्रत्येक नंबरला आधीच्या नंबरचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढे जाऊ नये. हाडावर ओरखडे लगेच दिसत नाहीत, पण चकाकी आल्यावर उठून दिसतात. शेवटी ओल्या फडक्यावर खडूची बारीक पूड किंवा पांढरे पॉलिश घेऊन चोळले की हाड काचेसारखे चमकते. हिरवे किंवा लाल पॉलिश, तसेच पितळ उजळण्याचे द्रव, हाडाला लावू नये; त्यांचा रंग आणि काळा मळ सूक्ष्म छिद्रांत शिरून राहतो आणि पांढऱ्या हाडावर राखाडी ठिपके दिसतात. पितळी वायसर याच कारणाने वेगळे उजळून घ्यावेत.

जुनाट, मधाळ रंग हवा असेल तर कडक, कोमट चहाच्या पाण्यात पट्ट्या काही तास ठेवाव्यात आणि हव्या त्या छटेला बाहेर काढाव्यात. रंग वरच्या थरातच असतो, म्हणून तो २००० नंबरनंतर द्यावा आणि नंतर फक्त हलके चोळावे. लिंबू किंवा व्हिनेगर लावलेले कोणतेही नुस्खे वापरू नयेत. आम्लाने खनिज विरघळून पृष्ठभाग मऊ पडतो.

खिळी ठोकणे

आधी पाचरीची खीळ, मग पात्याची. सळई भोकातून घालून दोन्ही बाजूंना वायसरच्या वर सुमारे एक मि.मी. उरेल अशी कापावी आणि टोके कानशीने सपाट करावीत. जास्त लांब ठेवली तर सळई आत वाकते, कमी ठेवली तर डोके तयार होत नाही. आता वस्तरा ऐरणीवर आडवा ठेवून खिळीच्या टोकाच्या कडेकडेने, गोल फिरत, अगदी हलके ठोके द्यावेत. ठोका एवढा हलका हवा की हातोडी केवळ स्वतःच्या वजनाने पडते आहे असे वाटावे. पंधरा-वीस ठोक्यांनंतर वस्तरा उलटवावा आणि दुसरी बाजू घ्यावी. पितळ हळूहळू पसरून घुमट धरते. दहा मिनिटांत होणारे काम दोन जोरदार ठोक्यांत संपवण्याची इच्छा प्रत्येकाला होते, आणि हाड तडकते ते बहुधा त्याच क्षणी, कारण जोराच्या ठोक्याने खीळ भोकाच्या आतही फुगते आणि भोकाला आतून फाकवते.

पात्याच्या खिळीशी आणखी सावध राहावे. दर काही ठोक्यांनंतर वस्तरा उघडून-मिटून पाहावा. पाते स्वतःच्या वजनाने खाली पडत असेल तर आणखी ठोके द्यावेत. उघडताना अंगठ्याला किंचित विरोध जाणवू लागला की तिथेच थांबावे. थोडे सैल असलेले नंतर घट्ट करता येते, घट्ट झालेले सैल करता येत नाही.

केसासारखी बारीक चीर दिसलीच तर पातळ सायनोअॅक्रिलेट गोंदाचा, म्हणजे आपल्या फेव्हिक्विकच्या जातीच्या गोंदाचा, एक थेंब सुईच्या टोकाने चिरेवर सोडावा. तो आपोआप आत ओढला जातो. वाळल्यावर १००० नंबरने घासावे. चीर भोकापासून कडेपर्यंत गेली असेल तर मात्र ती पट्टी बदलण्यावाचून गत्यंतर नाही.

निगा

तयार मुठीवर औषधांच्या दुकानात मिळणारे लिक्विड पॅराफिन चोळून रात्रभर ठेवावे आणि सकाळी पुसून काढावे, किंवा मेणाचा पातळ हात द्यावा. खोबरेल आणि इतर खाद्यतेले टाळावीत. ती कालांतराने खवट होतात. दाढीनंतर पाते धुताना मूठ पाण्याखाली धरू नये, दोन पट्ट्यांच्या मधला ओलावा कागदी रुमालाची घडी आत सरकवून टिपावा आणि वस्तरा उघडाच ठेवून वाळू द्यावा. तो न्हाणीघरात ठेवू नये. धार लावणे हे यानंतरचे स्वतंत्र काम आहे. तेव्हाच पात्यावरची चिकटपट्टी काढावी. पावसाळ्यात हाड ओल धरते आणि पात्याची खीळ घट्ट वाटते, त्या वेळी काहीही करू नये. डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या हवेत हाड आकसते आणि तीच खीळ थोडी सैल पडते. मूठ नवीन असताना पहिल्या हिवाळ्यात ऐरणीवर ठेवून प्रत्येक बाजूला दोन-तीन हलके ठोके दिले की पाते पुन्हा जागच्या जागी थांबते.